कैलास लेणं एलियननी खोदलं का? वर्गात आलेला एक प्रश्न



इतिहासाच्या तासाला वेरूळचा विषय निघाला की हल्ली मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, “सर, ते एलियननी बनवलंय ना?” पूर्वी हा प्रश्न फक्त पिरॅमिडबद्दल यायचा. आता कैलास लेण्याच्या रील्स मोबाईलवर फिरतात, त्यामुळे प्रश्न पार आपल्या घरापर्यंत आलाय. पालकसभा संपल्यावर एका वडिलांनीही मला बाजूला घेऊन हळूच हेच विचारलं होतं.

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी त्या मुलाला “असलं फालतू बघत जाऊ नकोस” म्हणून खाली बसवलं. वर्ग हसला. त्या वर्षी त्या मुलानं पुन्हा हात वर केला नाही. नंतर माझं मलाच लागलं. त्याला गप्प करायला एक सेकंद पुरला, पण एवढा डोंगर माणसांनी कसा खोदला, हे मला तरी कुठे नीट सांगता येत होतं? म्हणून वाचायला घेतलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय. तुमच्या वर्गात किंवा घरात हा प्रश्न आला तर उपयोगी पडेल.

ही कल्पना आली कुठून?

परग्रहावरचे लोक प्राचीन काळी पृथ्वीवर आले, आपल्या पूर्वजांनी त्यांनाच देव मानलं आणि मोठमोठ्या वास्तू त्यांनी किंवा त्यांच्या मदतीनं उभ्या राहिल्या, असा हा एकूण दावा. तो घराघरात पोचवला एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकानं. हा माणूस पुरातत्त्वाचा अभ्यासक नव्हता, हॉटेलात मॅनेजर होता. १९६८ साली त्याचं जर्मन पुस्तक आलं. पुढे ते ‘चॅरियट्स ऑफ द गॉड्स’ या इंग्रजी नावानं जगभर गाजलं. आपल्याकडेही या विषयाची पुस्तकं वाचनालयात असायची आणि आमच्या पिढीतल्या अनेकांनी ती रात्र रात्र जागून वाचलीत. मीही त्यातलाच, खोटं कशाला सांगू! नंतर २०१० पासून ‘एन्शंट एलियन्स’ ही टीव्ही मालिका सुरू झाली आणि तिचे तुकडे आज रील्स होऊन फिरतात.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘पूर्वी कुणी परग्रहवासी इथे येऊन गेले असतील का?’ हा प्रश्न मुळात मूर्खपणाचा नाही. कार्ल सेगन आणि रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी डॅनिकेनच्या आधी, १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात या शक्यतेचा विचार केला होता. फक्त त्यांचं म्हणणं असं होतं की शक्यता आहे म्हणून ती घडली असं होत नाही, ठोस पुरावा हवा. आपले जयंत नारळीकरही परग्रहावरच्या जीवसृष्टीकडे गंभीरपणे बघत. २००१ साली हैदराबादहून एक मोठा फुगा ४१ किलोमीटर उंचीपर्यंत सोडला गेला आणि तिथल्या हवेत सूक्ष्मजीव सापडतात का हे तपासलं गेलं, त्या प्रयोगात नारळीकर होते. म्हणजे मुलांना ‘एलियन वगैरे काही नसतं’ असं ठणकावून सांगू नका. ते आपल्याला माहीत नाही. परग्रहावर कुणी आहे का हा एक प्रश्न आणि आपलं देऊळ कुणी खोदलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अजून कुणाकडे नाही, पण दुसऱ्याचं बरंचसं आहे.

प्रश्नचिन्हाची युक्ती

या पुस्तकांची आणि रील्सची एक ठरलेली पद्धत असते. सरळ विधान करायचं नाही, फक्त विचारत राहायचं. ‘एवढे मोठे दगड त्यांनी कसे उचलले असतील? हे फक्त आकाशातूनच का दिसतं? ही माणसाची करामत असू शकेल का?’ विचारणाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. बघणाऱ्याला उत्तर माहीत नसतं आणि ‘मला माहीत नाही’ याचं मनातल्या मनात ‘कुणालाच माहीत नाही’ होऊन जातं. मुलांना ही युक्ती एकदा दाखवून दिली की पुढे ती स्वतःच पकडतात. त्यांना एवढंच सांगायचं की प्रश्न चांगला आहे, चला, आता उत्तर शोधू.

पिरॅमिडपासून सुरुवात करू, कारण तिथे उत्तरं भरपूर आहेत. गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा, इ.स.पू. सुमारे २६०० च्या आसपासचा. मूळ उंची जवळजवळ १४७ मीटर, दगड सुमारे २३ लाख. हा पिरॅमिड एकदम आकाशातून पडल्यासारखा आलेला नाही. त्याच्या आधी सक्कारा इथे जोसर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड झाला. मग खुफूचे वडील स्नेफ्रू यांच्या काळात दहशूरला एक पिरॅमिड सुरू झाला, त्याच्या बाजूंचा उतार साधारण ५४ अंशांचा होता. बांधकाम अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की हे झेपणार नाही, म्हणून वरचा भाग ४३ अंशांवर आणला. तो ‘वाकडा पिरॅमिड’ आजही तसाच उभा आहे. त्यानंतर स्नेफ्रूनं शेजारीच दुसरा बांधला, सुरुवातीपासूनच कमी उताराचा. आणि मग मुलाच्या काळात गिझा. मुलांना हा क्रम फळ्यावर काढून दाखवा. वहीत खाडाखोड दिसली की आपण म्हणतो ना, की गणित पोरानं स्वतः सोडवलंय? तसंच आहे हे. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर येऊ शकणाऱ्यांना अर्ध्या बांधकामात उतार बदलावा लागला नसता.

२०१३ साली तर कमालच झाली. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे पिअर टॅले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेल्या पपायरसपैकी आज माहीत असलेले हे सगळ्यात जुने. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. तुऱ्हाच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरायचा, नाईल आणि कालव्यांमधून गिझाला न्यायचा, उतरवायचा, परत यायचं. आज कुठे मुक्काम केला, उद्या कुठे, सगळ्याची नोंद. खुफूच्या पिरॅमिडचं काम चालू असतानाची. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे कामाचं रजिस्टरच म्हणायचं. गिझाजवळ कामगारांची वस्ती सापडली आहे, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या सापडल्या आहेत, त्यांच्या कबरीही. त्यातल्या काही सांगाड्यांची मोडलेली हाडं पुन्हा जुळून आलेली दिसतात, म्हणजे जखमी कामगारांवर उपचार होत होते.

आणि दगड ओढले कसे? एका इजिप्शियन कबरीतल्या चित्रात प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवून माणसं दोरांनी ओढताहेत आणि घसरगाडीच्या पुढ्यात उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओततोय. हा विधी असेल असं बरेच दिवस वाटायचं. २०१४ साली ॲम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केला तेव्हा कळलं की वाळू योग्य तेवढी ओली असेल तर ओढायला लागणारं बल जवळजवळ निम्म्यावर येतं. हा प्रयोग शाळेत ट्रेमध्ये वाळू, एक ठोकळा आणि स्प्रिंगचा काटा घेऊन करता येतो. घर्षणाच्या धड्याला जोडून घ्या, मुलं खूश होतात. पाणी जास्त झालं तर उलट परिणाम होतो, तेही त्यांना करून बघू द्या.

बाकीची ठरावीक उदाहरणं मी थोडक्यात उरकतो. पेरूमधल्या नाझ्काच्या वाळवंटातल्या रेषा म्हणजे अवकाशयानांच्या धावपट्ट्या, असं डॅनिकेननं सुचवलं होतं. त्या रेषांचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या मारिया राइशे म्हणायच्या की तिथली जमीन मऊ आहे, यानं उतरली असती तर रुतून बसली असती. १९८२ साली जो निकेल यांनी घरच्या काही मंडळींना हाताशी घेऊन, खुंट्या आणि दोरीच्या मदतीनं तिथल्या गिधाडाची ४४० फुटी आकृती जमिनीवर हुबेहूब काढून दाखवली. मेक्सिकोतल्या पालेंकेच्या शवपेटीवरचा ‘रॉकेटमधला माणूस’ हा पाकाल नावाचा माया राजा आहे, मृत्यू इ.स. ६८३. माया लिपी आता वाचता येते आणि त्याचं नाव तिथे कोरलेलंच आहे. चित्र आडवं धरलं की रॉकेट दिसतं, उभं धरलं की त्यांच्या श्रद्धेतला विश्ववृक्ष दिसतो.

दिल्लीच्या लोहस्तंभाचं उदाहरण मात्र मला आवडतं. न गंजणारा हा खांब डॅनिकेननं आपल्या पुस्तकात गूढ म्हणून वापरला होता. पुढे १९७४ सालच्या एका मुलाखतीत त्यानं स्वतःच कबूल केलं की वेगळी माहिती पुढे आली आहे, हे लोखंडाचं प्रकरण विसरून जाऊ. तो विसरला, पण रील्स काही विसरल्या नाहीत! सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड असा हा गुप्तकाळातला स्तंभ. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा धातू तपासून कारण सांगितलं. आपले लोहार भट्टीत चुनखडी घालत नसत, त्यामुळे लोखंडात फॉस्फरस जास्त राहायचा. या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि गंज पुढे सरकत नाही. गूढ म्हणून सोडून दिलं असतं तर रसायनशास्त्रातली ही एवढी छान गोष्ट आपल्याला कळलीच नसती.

आता आपलं वेरूळ

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी सोळावं म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी जोडलेलं, आठव्या शतकातलं. इथे देऊळ बांधलेलं नाही, डोंगरातून कोरून काढलंय. आधी वरून खाली तीन बाजूंनी खोल चर मारले, मध्ये दगडाचा प्रचंड ठोकळा सुटा केला आणि मग तो शिखराकडून पायाकडे घडवत आणला. रीलवाले म्हणतात, उलटं काम, म्हणजे अशक्यच. पण जरा विचार करा. वरून खाली येताना परात्या बांधाव्या लागत नाहीत, कारीगर दगडावरच उभा असतो. जड दगड उचलून वर चढवायची गरज नाही. पिरॅमिडवाल्यांना जी सगळ्यात मोठी अडचण होती, ती इथे मुळातच काढून टाकलेली आहे. हे सुचणं ही खरी हुशारी.

दुसरा आकडा हमखास ऐकू येतो, ‘चार लाख टन दगड, अठरा वर्षं, म्हणजे दिवसाचे बारा तास काम धरलं तरी ताशी पाच टन! माणसाला शक्य आहे का?’ हे गणित आठवीच्या वर्गात मी फळ्यावर घेतो. खोदलेली जागा सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद आणि मागच्या कड्याची उंची साधारण ३३ मीटर. हा सरळ चौकोनी खड्डा आहे आणि आत देऊळ उभंच नाही असं मानलं, एक घनमीटर बेसाल्टचं वजन २.९ टन धरलं, तरी उत्तर येतं सुमारे ३ लाख ६० हजार टन. प्रत्यक्षात डोंगर पुढे उतरता आहे आणि मधे देऊळ शिल्लक आहे, म्हणजे आकडा आणखी बराच खाली येणार. पण वाद नको, चार लाखच धरू. अठरा वर्षांचे दिवस ६,५७०. दिवसाला पडले ६१ टन. पाचशे माणसं कामावर असतील तर माणशी १२२ किलो. एवढ्या वजनाचा बेसाल्ट म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटर बाजूचा ठोकळा, एका माणसाचं दिवसभराचं काम. कष्टाचं आहे, फार कष्टाचं आहे. पण ‘ताशी पाच टन’ ऐकून जो धक्का बसतो तो ‘माणशी दिवसाला एक ठोकळा’ म्हटल्यावर बसत नाही. आकडे तेच आहेत, मांडणी बदलली.

हे झालं माझं ढोबळ गणित. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मधुकर ढवळीकर यांनी कारीगराच्या कामाच्या वेगावरून हिशोब मांडला होता. २५० मजुरांना हे काम साडेपाच वर्षांत जमलं असतं, असा त्यांचा अंदाज. शिवाय हे सगळं एकाच राजाच्या काळात झालं असंही अनेक अभ्यासक मानत नाहीत. काही भाग नंतर जोडले गेले.

मग एवढं कौशल्य अचानक आलं कुठून? अचानक आलंच नाही. सह्याद्रीत भाजे, कार्ले, पितळखोरे, अजिंठा अशी लेणी कैलासच्या आधी आठ-नऊशे वर्षांपासून खोदली जात होती. पितळखोऱ्याला एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव आहे, कण्हदास, आणि तो पेशानं सोनार होता! अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट सोडलेलं आहे. त्यात काम कसं पुढे सरकायचं ते जसंच्या तसं दिसतं, कुठे खांब नुसते चौकोनी ठोकळे, कुठे कोरीवकाम सुरू झालेलं. देवळाचा आराखडाही पूर्णपणे नवा नव्हता. कर्नाटकात पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर चालुक्यांच्या राणीनं त्याच शतकात कैलासच्या थोडं आधी बांधवून घेतलं. तिथे जाऊन आलेल्यांना दोन्हींतलं साम्य सांगावं लागत नाही. त्या मंदिराच्या स्थपतीचं नाव शिलालेखात आहे, गुंड अनिवारिताचारी. चालुक्यांना हरवून राष्ट्रकूट सत्तेवर आले आणि ही परंपराही त्यांच्याकडे आली.

विमानातून कोण आलं होतं?

सगळ्यात गंमतीचा पुरावा मी शेवटी ठेवलाय. बडोद्याला एक ताम्रपट सापडला, इ.स. ८१२-१३ च्या सुमाराचा, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्याचा अर्थ लावून दाखवला की त्यात कृष्णराजानं एलापुरात, म्हणजे वेरूळला, करवून घेतलेल्या शिवमंदिराचं वर्णन आहे. त्यात विमानांचा उल्लेख आहे! पण कसा? विमानांतून जाणारे देव हे देऊळ बघून थक्क होतात आणि आपसात म्हणतात की हे स्वयंभूच असणार, केलेल्या वस्तूत एवढं सौंदर्य कुठून येईल. आणि ज्यानं ते घडवलं तो स्थपती, पुन्हा असं दुसरं काम आपल्याच्यानं होणार नाही हे जाणवून, मी हे केलं तरी कसं, म्हणून स्वतःच चकित होतो.

म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या कवीनं विमानवाल्यांना प्रेक्षक केलंय. देऊळ केलं माणसानं. आणि ‘हे माणसाचं काम नव्हेच’ हा संशय त्यानं गमतीनं देवांच्या तोंडी घातलाय. आजची रील नेमका तेवढाच संशय उचलते आणि कारीगराची ओळ गाळते.

काही पालकांचा सूर वेगळा असतो. ते म्हणतात, “एलियन कशाला, आपल्या ऋषींकडेच विमानं होती. ‘वैमानिक शास्त्र’ वाचा.” तर त्याचीही तपासणी झाली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली या ग्रंथाचा अभ्यास केला. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णन केलेली यानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. देवळाच्या बाबतीत ‘विमान’ हा शब्द आला की सावध राहा. दाक्षिणात्य मंदिरशैलीत गाभाऱ्यासह वरच्या शिखराला विमानच म्हणतात. कैलासचं शिखरही विमानच आहे, पण ते उडत नाही.

मला या सगळ्यात खरं खटकतं ते वेगळंच. ‘माणसांना जमणार नाही’ हा संशय बहुतेक वेळा इजिप्त, पेरू, मेक्सिको, भारत इथल्या माणसांवरच घेतला जातो. युरोपातल्या उंच उंच चर्चबद्दल तो इतक्या सहज कुणी घेत नाही. आपल्या वर्गात गवंड्यांची, पाथरवटांची, वडारांची मुलं बसलेली असतात. दगड फोडणाऱ्या हातांना काय येतं, हे त्यांच्याइतकं आपल्यालाही माहीत नसतं. एकदा मी वर्गात विचारलं, “दगडाला चीर कुठे द्यायची हे कसं कळतं?” तर एका मुलीनं सांगितलं की तिचे आजोबा आधी दगड वाजवून बघतात, आवाजावरून त्यांना कळतं. तिला मग पुढे बोलावलं आणि उरलेला तास तिनंच घेतला.

वेरूळला सहल नेणार असाल तर मुलांना दर्शनी बाजूचे फोटो काढून लगेच परत आणू नका. आत जाऊन मागच्या आणि बाजूच्या कड्यांकडे बघायला सांगा, तिथे छिन्नीचे ओरखडे ओळीनं दिसतात. शक्य असेल तर वरच्या डोंगरावरून खाली देऊळ दाखवा, काम कुठून सुरू झालं ते तिथूनच नीट कळतं. मंडपाच्या छतावर जुन्या रंगाचे अवशेष आहेत, ते शोधायला लावा. वह्या आणि पट्टी बरोबर असू द्या, वरचं गणित तिथेच बसून करता येतं. आणि हो, वेरूळ मंगळवारी बंद असतं, तारीख ठरवताना तेवढं बघा.